दारं-चौकटींना पांढरा रंग: आधी जात, मग चकाकी, छटा सगळ्यांत शेवटी

पांढऱ्याचं शेडकार्ड हातात आलं की माणूस छटांमध्येच अडकतो. मोतिया, दुधी, हस्तिदंती, बर्फासारखा शुभ्र यांत तास जातो, पण डब्यात रंग कोणत्या जातीचा आहे हे बघायचं राहून जातं. भिंतीला हे एक वेळ चालतं, दाराला नाही. दाराला दिवसभर हात लागत असतो, ते चौकटीवर आपटतं, खालच्या कडेला फरशी पुसतानाचं पाणी लागतं आणि लाकूड हवेप्रमाणे फुगत-आकसत राहतं. छटा थोडी चुकली तर डोळ्याला तिची सवय होते. जात चुकली तर मात्र पांढरा पिवळा पडतो, नाहीतर चौकटीला चिकटून पापुद्र्यासकट निघतो. म्हणून आधी जुना थर ओळखायचा, मग रंगाची जात ठरवायची, त्यानंतर चकाकी, आणि शेडकार्ड सर्वांत शेवटी उघडायचं.

दारावर आधी काय लावलंय?

बिजागरीकडची कड सहसा दिसत नाही. तिथला हातभर भाग साबणाच्या पाण्याने पुसून वाळू द्या. मग कापसाचा बोळा मेथिलेटेड स्पिरिटमध्ये भिजवून अर्धा मिनिट जोर लावून चोळा. रंग मऊ पडला आणि कापसावर उतरला, तर तो पाण्यातला अक्रिलिक रंग. कापूस कोराच राहिला तर बहुधा ऑइल पेंट. लाकडाचे रेषे दिसणारं जुनं तपकिरी पॉलिश असेल आणि ते स्पिरिटने विरघळून चिकट झालं, तर ते लाखेचं पॉलिश आहे.

दुसरी तपासणी थर किती घट्ट बसलाय याची. नव्या ब्लेडने 2 मिलिमीटर अंतरावर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा लाकडापर्यंत पोचतील अशा मारा. त्यावर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चौकोन जागच्या जागी राहिले तर नुसतं घासून वर रंग देता येतो. चौकोनच पट्टीला चिकटून आले तर जुना रंग पूर्ण काढल्याशिवाय नव्याला हात लावू नका. नवा रंग कितीही चांगला असला तरी तो खालच्या थराला धरूनच उभा असतो.

घर जुनं असेल आणि दारावर थरावर थर चढलेले असतील, तर खालच्या थरांत शिसं असू शकतं. टायटॅनियम डायऑक्साइड बाजारात रुळण्याआधी सफेदा बऱ्याचदा शिशाचा असायचा. असा रंग कोरडा घासू नये, तापवून जाळूही नये. आधी त्याची तपासणी करून घ्या. शिसं निघालं तर ते काम जाणत्या माणसाकडे द्या आणि तोवर लहान मुलं व गरोदर बाई त्या खोलीपासून दूर राहू द्या.

रंगाची जात

ऑइल पेंट, म्हणजे टर्पेंटाइन किंवा थिनरने पातळ होणारा अल्कीड इनॅमल, ब्रशला गुळगुळीत चालतो. तो सावकाश वाळतो, त्यामुळे ब्रशच्या रेघा आपोआप मिटतात आणि पृष्ठभाग कडक होतो. पांढऱ्यात मात्र त्याची एक मोठी खोड आहे: तो पिवळा पडतो. यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. ही क्रिया रंग वाळल्यावरही मंदपणे चालूच असते आणि तिच्यातून पिवळसर द्रव्यं तयार होतात. उजेड ती द्रव्यं फिकी करतो, अंधारात ती साठत जातात. दारावर वर्षानुवर्षं टांगलेला आरसा काढला की मागे पिवळट चौकोन दिसतो तो याचमुळे. कपाटाच्या दाराची आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा आधी पिवळी पडते, तेही यानेच. असं दार काही दिवस भरपूर उजेडात ठेवलं की पिवळेपणा बराचसा उतरतो, पण पुन्हा अंधारात गेलं की परत येतो.

अमोनिया हे पिवळं पडण्याचं आणखी एक कारण. भिंतीच्या काही इमल्शनमध्ये थोडा अमोनिया असतो आणि भिंत वाळताना तो हवेत सुटतो. शेजारच्या दाराला ताजा ऑइल पेंट दिलेला असेल तर तो काही दिवसांतच पिवळट होऊ शकतो. म्हणून भिंती आधी पूर्ण करा, खोली चांगली हवेशीर होऊ द्या आणि मग दारांकडे वळा.

पाण्यातला अक्रिलिक इनॅमल असा पिवळा पडत नाही. वास कमी, तासाभरात हाताला कोरडा, ब्रश पाण्याने धुता येतो. तोटे दोन. तो लवकर ओढतो, म्हणजे ब्रशखालीच घट्ट होऊ लागतो, त्यामुळे हात सफाईदार नसेल तर रेघा राहतात. आणि वरून वाळलेला दिसला तरी आतून पक्का व्हायला दोन ते चार आठवडे लागतात.

बाजारात यांच्या मधलाही एक प्रकार मिळतो: अल्कीडच, पण पाण्यात मिसळलेला. बरेच जण इथेच फसतात. ब्रश पाण्याने धुतला जातो म्हणजे रंग पिवळा पडणार नाही असं धरून चालतात. पिवळेपणा पाण्याने किंवा थिनरने ठरत नाही, आतल्या तेलाने ठरतो. डब्यामागची बारीक अक्षरं वाचा. ‘अल्कीड’ शब्द दिसला तर तो प्रकार ऑइल पेंटपेक्षा कमी, पण काही प्रमाणात पिवळा पडणारच. ‘अक्रिलिक’ किंवा ‘अक्रिलिक-पीयू’ (पीयू म्हणजे पॉलियुरेथेन) असेल तर ती भीती नाही.

फवाऱ्याने मारायच्या फिनिशमध्ये एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा, लॅकर पांढऱ्याला टाळावा, तोही पिवळट होतो. दोन डब्यांचा पीयू उत्तम टिकतो, पण तो ‘न पिवळणारा’, म्हणजे अ‍ॅलिफॅटिक प्रकारचा आहे ना हे विचारून घ्या. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि त्याचा फवारा फुप्फुसांना घातक असतो. हे काम योग्य मास्क आणि हवा खेचणारी सोय असलेल्या कारागिराचंच, घरी करून बघायचं नाही.

आमचा कौल स्पष्ट आहे. घरातल्या पांढऱ्या दारांना अक्रिलिक किंवा अक्रिलिक-पीयू इनॅमल द्या. आरशासारखी चकाकी हवीच असेल आणि खोलीत भरपूर उजेड असेल तर ऑइल पेंट चालेल. कपाटांच्या आत, माळ्याच्या झडपांना आणि अंधाऱ्या बोळातल्या दारांना तो देऊ नका.

चकाकी

दारांना सॅटिन, म्हणजे रेशमी चमक, सगळ्यांत भरवशाची. ती पुसता येते आणि लाकडाचे खाचखळगे फार उघडे पाडत नाही. पूर्ण मॅटवर मुठीभोवती बोटांचे डाग बसतात आणि ते घासायला गेलं की तेवढाच भाग चकचकीत होतो. ग्लॉस धुवायला सोपा, पण निर्दय: दाराला बॅटरीचा झोत तिरका लावून बघा, जेवढे उंचवटे दिसतील तेवढे सगळे ग्लॉसमध्ये कायम दिसत राहतील.

चकाकी बदलली की त्याच क्रमांकाचा पांढरा वेगळा दिसतो. भिंतीवर मॅट आणि दारावर सॅटिन दिलं, तर दार एका कोनातून अधिक उजळ आणि दुसऱ्या कोनातून गडद वाटेल. तो रंगातला दोष नव्हे.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: सॅटिन आणि मॅटमध्ये चमक कमी करणारी पूड डब्याच्या तळाशी बसते. नुसतं वरवर ढवळून काम सुरू केलं तर पहिलं दार चकचकीत आणि शेवटचं निस्तेज होतं. सपाट पट्टीने तळ खरवडत, खालचा रंग वर आणत, निदान पाच मिनिटं ढवळा. मध्येमध्येही तसंच करा.

आता छटा

रंग झाकतो कसा हे कळलं की पांढरा निवडणं सोपं जातं. प्रकाश वाकवण्याची ताकद, म्हणजे अपवर्तनांक, टायटॅनियम डायऑक्साइडच्या रुटाइल प्रकारात सुमारे 2.7 असते. रंगातल्या राळेची सुमारे 1.5 आणि खडूची 1.6. खडू आणि राळ यांच्यात फरकच उरत नाही, म्हणून खडू भरलेला स्वस्त पांढरा डब्यात घट्ट दिसतो, पण दारावर खालचं लाकूड डोकावतं. असा रंग तीन-चार हात खातो आणि अंती महाग पडतो.

अगदी शुभ्र, काहीच न मिसळलेला पांढराही झाकायला कमीच पडतो. त्यात चिमूटभर काळा किंवा राखाडी पडला की झाकण्याची ताकद लगेच वाढते. गडद पॉलिशवर पांढरा चढवायचा असेल तर किंचित राखाडी किंवा मोतिया पांढरा एक हात वाचवू शकतो.

प्रत्येक पांढऱ्यात एक आतली झाक असते: पिवळी, गुलाबी, हिरवट, राखाडी, निळी. एकटा ठेवला तर ती दिसत नाही. शेडकार्डवरचे चार-पाच पांढरे एकमेकांना चिकटवून ठेवा, झाक ताबडतोब बोलू लागते. कोऱ्या कागदाशी तुलना झाक ओळखायला ठीक आहे, पण त्यावरून निवड करू नका. छपाईच्या कागदात उजळपणा आणणारी रसायनं असतात, धुतलेल्या कपड्याला नीळ द्यावी तशी. त्याच्याशेजारी कुठलाही रंग पिवळटच वाटणार.

दाराचा पांढरा कागदाशी नव्हे, घरात न बदलणाऱ्या वस्तूंशी जुळायला हवा: फरशी, खिडक्यांच्या चौकटी, स्विचबोर्ड, न्हाणीघरातल्या टाइल्स. यूपीव्हीसीच्या खिडक्या बहुतेक निळसर पांढऱ्या असतात, त्यांच्याशेजारी मोतिया दार मळकं दिसतं. उलट पिवळसर दगडाच्या फरशीवर निळसर पांढरं दार प्लॅस्टिकसारखं वाटतं.

भिंतीही पांढऱ्याच असतील तर दोनच मार्ग सुरक्षित आहेत. भिंत आणि दार एकाच क्रमांकाचे घ्या आणि फरक फक्त चकाकीत ठेवा. नाहीतर दोहोंतला फरक लांबून कळेल इतका मोठा ठेवा. बऱ्याच शेडकार्डांवर एलआरव्ही नावाचा आकडा असतो. रंग किती उजेड परत फेकतो ते तो 0 ते 100 मध्ये सांगतो. दोन पांढऱ्यांचे आकडे जवळजवळ सारखे पण झाक वेगळी, हा मेळ सगळ्यांत वाईट: बघणाऱ्याला वाटतं की रंग जुळवताना चूक झाली.

दिव्यांचाही विचार करा. 2700 केल्विनचा पिवळसर दिवा प्रत्येक पांढऱ्याला ऊब देतो, त्यात मोतिया फार पिवळा वाटतो. 6500 केल्विनचा दिवा राखाडी झाकेला निळी करतो. दिवे बदलायचे असतील तर आधी ते बदला, मग रंग निवडा.

नमुना असा तयार करा. साधारण 30 बाय 40 सेंटिमीटरचे प्लायचे तुकडे घ्या, त्यांना प्रायमर द्या आणि ठरलेल्याच जातीचे व चकाकीचे दोन हात द्या. दिवसभर वाळू द्या. तुकडा दाराच्याच जागी उभा धरा. टेबलावर आडवा ठेवला तर वरचा उजेड जास्त पडतो आणि रंग आहे त्याहून उजळ वाटतो. मागचं जुनं पिवळं दार चादरीने झाका, नाहीतर सगळेच पांढरे निळसर भासतील. सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्यात बघा. रात्री जो खटकतो तो आधी बाद करा, कारण दारं आपण दिव्याच्या उजेडातही तितकीच बघतो.

किती रंग लागेल?

2 मीटर उंच आणि 80 सेंटिमीटर रुंद दाराची एक बाजू 1.6 चौरस मीटर, दोन्ही मिळून 3.2. चारी कडांचे 0.2. चौकट सुमारे 5 मीटर लांब आणि सगळ्या दिसणाऱ्या बाजू मिळून 25 सेंटिमीटर रुंद धरली तर 1.25. एकूण सुमारे 4.65 चौरस मीटर, दोन हातांचे 9.3. लिटरभर रंग एका हातात 10 ते 12 चौरस मीटर जातो, म्हणजे सपाट दाराला साधारण 0.8 ते 0.9 लिटर. पॅनेलचं दार असेल तर खोबणींसाठी 20 ते 25 टक्के वाढवा. एकूण दारांवर थोडा जास्तच घ्या. सगळे डबे एकाच बॅचचे आहेत ना बघा आणि तरीही एका बादलीत एकत्र करून घ्या. पांढऱ्यातही बॅचचा फरक चौकटीच्या कोपऱ्यात उघडा पडतो.

तयारी आणि प्रायमर

पांढरा काहीच लपवत नाही, म्हणून निम्मं काम इथेच आहे. मूठ, कडी, कुलूप काढून ठेवा, बिजागऱ्यांवर पट्टी चिकटवा. मुठीभोवतीचा तेलकटपणा डिटर्जंटच्या पाण्याने धुवा आणि नंतर साध्या पाण्याने दोनदा पुसा. घासण्याआधीच धुवायचं, कारण आधी घासलं तर तेल लाकडात आणखी खोल जातं.

शिसं नाही याची खात्री असेल तर 120 नंबरच्या पॉलिश पेपरने खडबडीतपणा काढा, 180 ने सारखं करा. चकचकीत जुना रंग पूर्ण निस्तेज होईपर्यंत घासा. भेगा आणि खिळ्यांच्या खळग्यांत लांबी भरा. ती वाळताना बसते, म्हणून किंचित उंच भरून मग 220 ने सपाट करा. चौकट आणि भिंतीमधली फट पांढऱ्या रंगात काळ्या रेघेसारखी दिसते. ती अक्रिलिक सीलंटने भरा, सिलिकॉनने नको, सिलिकॉनवर रंग धरतच नाही.

याच वेळी दार आणि चौकट यांतलं अंतर तपासा. 2 ते 3 मिलिमीटर हवं. जुन्या थरांनी दार आधीच घट्ट बसत असेल तर आताच रंधा मारा.

प्रायमर लाकूड बघून घ्यायचा. ओक, महोगनीसारख्या लाकडात टॅनिन नावाचं डाग पाडणारं द्रव्य असतं. पाण्यातला प्रायमर दिला की ते पाण्यात विरघळून वर येतं आणि पांढऱ्यावर चहासारखे डाग उमटतात. वरून कितीही हात दिले तरी डाग पुन्हा उगवतात. पाइनच्या गाठींतून राळ अशीच झिरपत राहते. दोन्हींवर उपाय एकच: लाखेचा पांढरा प्रायमर किंवा डाग रोखणारा तेलातला प्रायमर. गाठीवर आधी एक हात, तो वाळल्यावर पूर्ण दाराला. सागवान तेलकट असतं, प्रायमरच्या अगदी आधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्या. जुन्या तपकिरी पॉलिशवरही हाच डाग रोखणारा प्रायमर, कारण त्यातला रंग पांढऱ्यात उतरतो.

प्रायमर वाळला की 220 ने हलकं घासा आणि ओलसर फडक्याने धूळ पुसा. आता झोत तिरका लावून पुन्हा बघा. राहिलेले खळगे पांढऱ्या प्रायमरवरच पहिल्यांदा नीट दिसतात. दुसऱ्यांदा लांबी भरा आणि भरलेल्या जागी प्रायमरचा ठिपका द्या, नाहीतर तिथे रंग शोषला जाऊन निस्तेज चट्टे पडतात.

दाराची वरची आणि खालची कड हमखास विसरली जाते. ओलावा तिथूनच आत शिरतो, दार फुगतं आणि खालच्या पाच-सहा इंचांत पोपडे सुटतात. खालच्या कडेसाठी दार उतरवावं लागलं तरी उतरवा.

रंग देताना

पाण्यातल्या रंगाला सिंथेटिक केसांचा ब्रश, ऑइल पेंटला नैसर्गिक केसांचा. दोन ते अडीच इंची पुरतो. सपाट दाराला 4 इंची फोमचा रोलर घ्या आणि त्यामागून लगेच कोरड्यासारख्या ब्रशने हलका हात वरून खाली फिरवा.

पॅनेलच्या दारात क्रम पाळा: आधी खोबणी आणि पॅनेलं, मग मधली उभी पट्टी, मग आडव्या पट्ट्या, मग दोन्ही बाजूंच्या लांब उभ्या पट्ट्या, शेवटी कडा. प्रत्येक सांध्यावर ब्रश लाकडाच्या रेषांच्या दिशेने थांबवा. खोबणीच्या कोपऱ्यात रंग साचून पाच मिनिटांनी ओघळतो, म्हणून पुढच्या पॅनेलकडे जाण्याआधी मागच्या कोपऱ्यांवर एक नजर टाका. ओढू लागलेल्या अक्रिलिकवर परत ब्रश फिरवू नका. राहिलेली रेघ तशीच सोडा, वाळल्यावर 320 ने घासून पुढच्या हातात ती जाते.

दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा केव्हाही चांगले. जाड थर वरून कातडीसारखा वाळतो आणि आत ओलाच राहतो. दोन हातांमधला वेळ डब्यावर लिहिलेला असतो, दमट हवेत तो दीडपट-दुप्पट धरा.

रंग झाल्यावर

अक्रिलिकची नवी दारं पहिले चार-पाच दिवस शक्यतो बंद करू नका. दोन ताजे थर दाबले गेले की एकमेकांत मिसळू पाहतात आणि दार उघडताना चर्रकन पापुद्रा निघतो. बंद करणं भागच असेल तर चौकटीला जिथे दार टेकतं तिथे टाल्कम पावडर चोळा. रबराच्या पट्ट्या महिनाभराने परत बसवा. रबरातलं मऊ करणारं द्रव्य कच्च्या रंगात उतरतं आणि तो चिकट होतो.

पहिला महिना दार फक्त कोरड्या मऊ फडक्याने पुसा. नंतर साबणाचं कोमट पाणी पुरे. ऑइल पेंटच्या पांढऱ्या दाराला अमोनिया असलेलं काच साफ करायचं द्रावण कधीच लावू नका, त्याने पिवळेपणा वाढतो.

उरलेला रंग अर्धवट डब्यात ठेवू नका. आत हवा जितकी जास्त तितका तो लवकर खराब होतो. छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा आणि वर जात, चकाकी, छटेचा क्रमांक, बॅच आणि तारीख लिहा. खरचटलेल्या जागी बारीक ब्रशने ठिपका देताना तो खरचटलेल्या भागापुरताच द्या, बाजूला पसरवू नका. ऑइल पेंटच्या दाराला वर्ष-दोन वर्षं झाली असतील तर असा ठिपका आजूबाजूच्या पिवळटलेल्या रंगात पांढरा उठून दिसेल. तिथे पूर्ण पॅनेल, किंवा सांध्यापासून सांध्यापर्यंतची पूर्ण पट्टीच नव्याने रंगवा.